मदत हवी आहे : नवा गेमिंग लॅपटॉप, जुना इन्व्हर्टर आणि आपला उन्हाळा

राजेहो, घाटंजीजवळच्या खेड्यात राहतो. जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपवरून आरटीएक्स ४०६० कार्डवाल्या लॅपटॉपवर आलो आणि मन एकदम भरलं. ४ ऐवजी ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी), १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा स्क्रीन. गेम तर सुसाट चालतातच, पण व्हिडिओ एडिटिंगही पटापट उरकतं. पैसे सार्थकी लागले.

आता काळजी विजेची. चार्जर २३० वॅटचा आहे आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा. लाइन गेली की त्यावर गेम खेळावा का, की प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्यावाच लागेल? नुसत्या बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वॉटेज मिळत नाही, फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) लगेच कमी होतात.

दुसरं म्हणजे, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीत गवताच्या पॅडचा कूलर आहे. त्याच्या थेट हवेत लॅपटॉप ठेवला तर ओलाव्यानं बिघडेल काय? शिवाय वेचणीनंतर कापूस घरातच भरतो, त्याचे तंतू पंख्यात अडकतात. आतून साफसफाई किती दिवसांनी करता?

यवतमाळ, अकोला, वर्धेकडचे कोणी वापरत असाल तर अनुभव नक्की सांगा भाऊ.