तलवारबाजीतल्या सेबर प्रकारातला ‘राइट ऑफ वे’, म्हणजे दोघांचे वार एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क ज्याचा त्याला गुण, हा नियम काढून टाकावा का?

कोथरूडचा बाबा:
परवा पुण्यातल्याच एका शालेय स्पर्धेत लेकाची सेबरची बाउट (लढत). १३-१३, वार लागल्याचे दोघांचे दिवे एकदम लागले आणि पंचांनी गुण समोरच्याला दिला. का, तर ‘अटॅक त्याचा’! जाड जॅकेट, मास्क, वर एप्रिलचं ऊन. १४ मीटरच्या पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) पोरगं जीव तोडून पळतं आणि निकाल शेवटी एका माणसाच्या नजरेवर? वायर जोडल्यात ना? ज्याचा वार आधी, त्याला गुण द्या.

पेठेतला पट्टा:
काका, मशीन फक्त वार लागल्याचं सांगतं. सेबरमध्ये १७० मिलिसेकंदांच्या आत दुसरा वार लागला की दोन्ही दिवे. तुमच्या नियमाने काय होईल? समोरचा लंज मारून (पुढचा पाय लांब टाकून) अंगावर येतोय आणि मी नुसतं त्याच्या मनगटाला पातं टेकवलं, की गुण माझा. खरी धार असती तर गुण घ्यायला मी उरलो असतो का? आधी पॅरी (वार अडवणं), मग रिपोस्ट (उलट वार). अडवलंत की हक्क तुमच्याकडे येतो. त्याचा हल्ला हुकला तरी येतो. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली सेबरपटू भवानी देवी पहिली बाउट १५-३ने जिंकली. एवढ्या फरकात पंच काय करणार?

कोथरूडचा बाबा:
पुढचीच बाउट ती ७-१५ने हरली, तेही लिहा. आणि माझा प्रश्न १३-१३चा आहे, १५-३चा नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत व्हिडिओ बघायला सांगता येतं, आमच्याकडे पंच म्हणतील ती पूर्व.

गुडघेदुखी:
पंचांवरून भांडा खुशाल, पण पोराचे पाय कोणी बघतंय का? सेबरमध्ये पुढे जाताना मागचा पाय पुढच्याला ओलांडू शकत नाही, म्हणजे पळणं नाहीच. उसळायचं आणि गच्च थांबायचं. प्रत्येक लंजचा दणका त्याच एका गुडघ्यावर. सरावानंतर उलट्या बाजूनेही लंज करून घेतात का, ते कोचना विचारा.

एपेवाली, औंध:
पंच नको तर एपे (तलवारबाजीचाच दुसरा प्रकार) घ्या की! डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोचा, हक्काची भानगडच नाही. जवळजवळ एकाच क्षणी लागलं तर दोघांनाही गुण. फक्त दमसास हवा. सेबर झटपट उरकतं, इथे तीन-तीन मिनिटांचे तीन डाव गुडघे वाकवून वाट बघत काढावे लागतात, हातात पाऊण किलोचं हत्यार. आणि वेळ संपताना बरोबरी असेल तर सोडत निघते. जादा मिनिटात कोणाचाच वार लागला नाही, तर सोडत लागलेला जिंकतो. हे चालेल का, बाबा?

कोथरूडचा बाबा:
चालेल, ताई. सोडत मिनिट सुरू व्हायच्या आधी निघते. वार कोणाला करायलाच हवा ते दोघांनाही माहीत असतं. पंचांचं मत वार झाल्यावर कळतं.