कुर्ला नदीमुळे वसलं की रेल्वेमुळे?

प्रश्न – वाडीकर_७०
आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत कुर्ल्यावर पानभर लिहायचंय. एक सभासद ठामपणे म्हणतात, रेल्वे यायच्या आधी इथे नुसती खाजणं, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल होती, वस्ती अशी नव्हतीच. मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

चुनाभट्टीची_लेक
पटत नाही ते बरोबरच आहे. रेल्वे १८५३ची. त्याच्या ४५ वर्षं आधी, १८०८ मध्ये, इंग्रजांनी कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे, परजापूर ही सात गावं होरमसजी बमनजी वाडियांना दिली आणि त्या बदल्यात त्यांची मुंबईतली जागा घेतली. गावंच नसती तर दिलं काय असतं?

पण नदीकाठ म्हटल्यावर घाट आणि देऊळ डोळ्यांपुढे आणू नका. खालच्या अंगाला आपली मिठी नदी म्हणजे खाडीच. भरतीचं पाणी आत येणार, कडेला खाजणं. पलीकडच्या गावाचं नावच शीव, म्हणजे हद्द. तिकडे मुंबई, इकडे साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट. साष्टी पोर्तुगीजांकडून १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हाती गेली. मग गव्हर्नर डंकनच्या काळात शीवचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा बांधरस्ता, बांधला, तो १८०५ मध्ये पुरा झाला. माझ्या मते कुर्ल्याचं नशीब तिथे बदललं. खाडी ओलांडायला पक्की वाट मिळाली, रेल्वे तर नंतरची. आणि १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली डबघाईला आलेली धरमसी मिल घेऊन तिचं नाव स्वदेशी ठेवलं. माझे आजोबा रत्नागिरीहून आले ते याच मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आमचं घर त्या भोंग्यावर चालायचं, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही!

पवईचा_शेजारी
मिठी मुळात नदी आहे का? विहार आणि पवईचं जादा पाणी तेवढं वाहतं ना?

चुनाभट्टीची_लेक
नाही हो, पाणी आधीचं, तलाव नंतरचे. विहारचा बांध १८६० मध्ये या पाण्याच्या वाटेवरच घातला, पवईचा १८९१ मध्ये. विहारचं पाणी नळाने मुंबईला गेलं, ते शहराचं पहिलं नळाचं पाणी. वरचं पाणी शहराने घेतलं, खालची खाजणं भराव घालून बुजवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ल्याच्या बैलबाजार वस्तीत माझ्या मावशीकडे पाणी माळ्याच्या शिडीला लागलं होतं. तिची शिवणाची मशीन आम्ही चिखलातून उपसून काढली. नदीला पसरायला जागाच ठेवली नव्हती.

वाडीकर_७०
खूप आभार, ताई. नकाशा जोडायचा विचार आहे.

चुनाभट्टीची_लेक
मग ती सात गावं त्यात नक्की दाखवा. कोलेकल्याण म्हणजे कलिना, असल्फे म्हणजे घाटकोपरकडचं असल्फा, मोहिली साकीनाक्याजवळ.