मसल कार फक्त अमेरिकेचीच का?

कोपरखैरणेकर:
कपाटात १:१८ मॉडेलसाठी (खऱ्या गाडीच्या अठराव्या भागाएवढी प्रतिकृती) एकच जागा उरलीय आणि नवीन कपाटाला घरातून सक्त मनाई. तीन गाड्या डोक्यात आहेत: १९७० ची अमेरिकन शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (४५४ म्हणजे इंजिनाचं माप, घन इंचात), ऑस्ट्रेलियाची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री, नाहीतर निसानची हाकोसुका स्कायलाइन जीटी-आर. ठाण्याचा मित्र म्हणतो, अमेरिकेबाहेर मसल कार (साध्या गाडीत दणकट मोठं इंजिन) झालीच नाही. कागदावर शेव्हेल ४५० हॉर्सपॉवर, फाल्कन ३००, स्कायलाइन १६०. मग विषय संपलाच ना?

रबाळे_फिटर:
आधी ते आकडे बाजूला ठेवा. त्या काळात अमेरिकन कंपन्या ग्रॉस आकडा छापायच्या. म्हणजे इंजिन स्टँडवर. एअर फिल्टर, सायलेन्सर, कशाचाच अडथळा नाही. १९७१ ला शेव्हरोलेच्या मालक जनरल मोटर्सने (जीएम) ग्रॉस आणि नेट (सगळं बसवल्यावरचा) असे दोन्ही आकडे दिले, तर ४५४ च्याच एलएस५ इंजिनाचे ग्रॉस ३६५ आणि नेट २८५! उलट फाल्कनचे ३०० कंपनीने मुद्दाम कमी सांगितले, असं जाणकार मानतात.

आता मसल कारची व्याख्या. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ काय होती? मधल्या आकाराची टेंपेस्ट, तिच्यात मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलेलं. एवढ्या गाडीत एवढं इंजिन घालायला जीएमचीच बंदी, म्हणून ऑप्शन पॅकेज म्हणून खपवली. हेच माप लावा की फाल्कनला. चार दरवाजे, पोरंबाळं बसवायची सेडान, आत ५.८ लिटर. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत उतरायचं तर तीच गाडी शोरूममध्ये विकायला लागायची, म्हणून तर ती बनली. १९७१ ला ॲलन मॉफटने तिच्यावरच बाथर्स्ट मारलं. पुढच्या वर्षी 'ताशी १६० मैलांच्या गाड्या येणार' अशी बातमी छापून आली, सरकारने डोळे वटारले आणि तिची पुढची आवृत्ती, फेज फोर, बारगळली.

हाकोसुका देखणी आहे. दोन लिटर, चोवीस व्हॉल्व्ह, वरच्या आरपीएमला जीव येणारी. पण ती मसल नव्हे, जात वेगळी.

मला विचाराल तर चौथीच घ्या. १९७२ ची क्रायस्लर व्हॅलियंट चार्जर ई४९. व्ही-८ नाहीच, सरळ सहा सिलिंडर, ४.३ लिटर, तीन वेबर कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), ३०२ हॉर्सपॉवर. तीन जुळे वेबर एका सुरात लावायचे म्हणजे कान लागतो, हल्लीच्या पोरांसारखा लॅपटॉप जोडून भागत नाही.

घोडबंदर_त्रस्त:
काका, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये त्या तीन वेबरचं काय होईल?

रबाळे_फिटर:
प्लग काळे होतील, दुसरं काय. पण स्टिअरिंग उजवीकडे आहे हो, टोलला हात तरी पोचेल.

कोपरखैरणेकर:
फाल्कन घेतोय. मित्राला चार दरवाजे उघडून दाखवायचेत. ई४९ कपाटावर ठेवली तर ते नवीन कपाट धरत नाहीत ना?

घोडबंदर_त्रस्त:
घरी विचारून सांगा, आम्हालाही उपयोगी पडेल.