मदत हवी आहे: केळी आणि कपाशीसाठी पहिला छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

तापीकाठ (रावेर तालुका)

राम राम मंडळी. जमीन साडेचार एकर, भारी काळी. अडीच एकर केळी, 5 बाय 5 फुटांवर, ठिबकवर. दोन एकर कपाशी, 4 बाय दीड. पहिल्यांदाच ट्रॅक्टर घ्यायचा आहे. डोक्यात तीन आहेत: स्वराज 717, महिंद्रा जिवो 245 आणि कुबोटा निओस्टार बी 2441. आंतरमशागत, करप्याची (केळीच्या पानांवरचा रोग) फवारणी आणि घडांची वाहतूक ही कामं करायची आहेत. उन्हाळी नांगरटही त्यावरच झाली तर बरं. शोरूममध्ये एचपी आणि हप्ता सोडून कोणी काही बोलत नाही. नेमकं काय तपासू?

अवजारघर (चोपडा)

भाऊ, आधी नांगरट यादीतून काढा. उन्हात तडकलेल्या काळ्या रानात पलटी नांगर नऊ-दहा इंच घालायचा तर 45 ते 50 एचपीचा वजनदार ट्रॅक्टर लागतो. तुमचे तिन्ही हलके आहेत. इंजिन ओढेल असं वाटतं, पण चाकं जागेवर फिरतात, टायर झिजतं आणि क्लच जळतो. साडेचार एकरांची वर्षातली एक नांगरट भाड्याने करून घ्या. छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तो उभ्या पिकात शिरण्यासाठी.

म्हणून पहिलं माप ओळीचं. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावून स्वतः मोजा. माहितीपत्रकात बऱ्याचदा चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप असतं, ते इथे कामाचं नाही. 5 फुटांची ओळ म्हणजे 152 सेंमी. खोड आणि मातीची भर वजा केली की सव्वाशेच्या आसपास मोकळी जागा उरते. 100 ते 105 सेंमी रुंदीचा ट्रॅक्टर तिथून जातो. तोही पहिले चार महिने, पुढे पानं आणि पिल्लं (बुंध्यातून फुटणारी नवी रोपं) वाट अडवतात. तेव्हा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) तसाही घालू नका. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, ती तुटली की झाड हलकं होऊन वाऱ्यात कोलमडतं. त्याआधीही खोली तीन इंचांवर धरा.

कपाशीत अडचण जास्त आहे. 4 फूट म्हणजे 122 सेंमी, दोन्ही बाजूंना जेमतेम दहा सेंमी सुटतात. 35-40 दिवसांनंतर फांद्या मोडायला लागतील. त्यापेक्षा पेरणीचं अंतर बदला. 4 बाय दीडला एकरी 7,260 झाडं बसतात, 5 बाय सव्वाला 6,970. झाडं फारशी घटत नाहीत आणि ट्रॅक्टरला फूटभर जागा वाढते. ट्रॅक्टर निवडण्याआधी हे ठरवा, कारण दोन्ही पिकांची ओळ 5 फुटांची झाली की एकाच मापात सगळं बसतं.

एरंडोल_जिरायत

मी वेगळं म्हणेन. 35 एचपीचा घ्या, पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) चुरा करणारा श्रेडरही चालेल. 15 एचपीत पैसे घालू नका.

अवजारघर (चोपडा)

दादा, 35 एचपीचा साधा ट्रॅक्टर 5 फुटांच्या केळीत शिरतच नाही, म्हणजे मूळ कामच राहतं. पऱ्हाटी वर्षातून एकदा, ती भाड्याने होते. 15 एचपीबद्दल मात्र तुमचं खरं आहे. स्वराज 717 एक सिलिंडरचा, मागच्या दोनच चाकांवर ओढणारा. हलक्या रानात कोळपणीला चांगला, डिझेलही कमी पितो. पण भारी काळ्यात रोटाव्हेटरला दम कमी पडतो आणि ओल थोडी जास्त असली की चाक घसरतं.

तापीकाठ

मग जिवो आणि कुबोटा उरले. दोन्ही 24 एचपी, चारही चाकांवर ओढणारे, लिफ्ट (मागचं अवजार उचलायची ताकद) दोन्हीची 750 किलो. फरक कशावरून ओळखू?

पीटीओ_540 (शिरपूर)

इंजिनाच्या एचपीवर जाऊ नका, पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) किती एचपी मिळते ते बघा. रोटाव्हेटर आणि फवारणीचा पंप तिच्यावरच चालतात. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिचा चाचणी अहवाल डीलरकडून मागून घ्या. पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट आणि वळण्याचा घेर, सगळं त्यात मोजलेलं असतं. जिवो दोन सिलिंडरचा, कुबोटा तीनचा. तीनचा कमी थरथरतो, पण निवड त्यावर करू नका.

क्लच सिंगल आहे की ड्युअल, हे नक्की विचारा. सिंगल क्लच दाबला की पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला गिअर बदलताना पंपाचा दाब पडतो, रोटाव्हेटर मातीने भरतो.

आता डेमो. शोरूमच्या अंगणात नको, स्वतःच्या शेतात आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) असताना घ्या. मागच्या टायरवर खडूने खूण करा. रोटाव्हेटर वर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चला आणि अंतर मोजा. मग रोटाव्हेटर जमिनीत घालून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा दहा फेरे. पहिल्यांदा 30 मीटर आणि दुसऱ्यांदा 26 आले तर घसरण साधारण 13 टक्के. 10 ते 15 पर्यंत ठीक. 20 च्या वर गेली तर वजन कमी पडतंय किंवा अवजार मोठं आहे. रोटाव्हेटर साडेतीन फुटांपेक्षा रुंद लावू नका, पण टायरची खूण मिटेल इतका तरी हवा.

तापीकाठ

फवारणीला 400 लिटरची टाकी मागे लावता येईल? आणि घडांची ट्रॉली?

पीटीओ_540 (शिरपूर)

400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो. सांगाडा आणि पंप धरून साडेपाचशेच्या घरात जातं. लिफ्ट उचलेल, पण पुढचा भाग हलका होऊन स्टेअरिंग ऐकणार नाही. पुढे वजनं लावा, नाहीतर 200 लिटरवर थांबा.

ट्रॉलीत उचलण्याइतकाच थांबवण्याचाही प्रश्न आहे. असे ट्रॅक्टर स्वतः साधारण टनभर किंवा त्याहून कमी वजनाचे असतात. 20 किलोचे 50 घड म्हणजे एक टन, वर ट्रॉलीचं वजन. सपाट रस्त्यावर 60-70 घडांपर्यंत ठीक. सातपुड्याकडच्या उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा करते. तिथे भार निम्मा, आणि दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडलेली हवीत.

अवजारघर (चोपडा)

अनुदान हवं असेल तर क्रम चुकवू नका. आधी महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, कोटेशनमध्ये तोच लावलाय ना ते बघा. टॉप लिंक, हूक, पुढची वजनं, विमा, पासिंग (आरटीओ नोंदणी) यांतलं काय किमतीत आणि काय वेगळं, ते लेखी घ्या.

दोन्ही मॉडेल मापात बसली तर सर्व्हिस सेंटर आणि पार्ट जवळ कोणाचे, तोच घ्या. करप्याच्या दिवसांत पार्टसाठी आठवडाभर थांबणं परवडत नाही.

घरी आल्यावर डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर पुढचे टायर आणि गिअर झिजतात. टायर बदलताना मापही बदलू नका, पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडतं. पहिलं ऑइल बहुधा 50 तासांना बदलतात, पुस्तिकेतला आकडा बघा. केळीच्या वाळक्या पानांचा चुरा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. मे महिन्यात रोज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारून तो काढा. बाहेरून आत मारली तर कचरा पात्यांत अडकतो.