मदत हवी आहे: हातातली यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सोडून दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज? १ मेपर्यंत ठरवायचंय

रानजाई
मुलीला यूसी रिव्हरसाइडला प्रवेश मिळालाय. ती म्हणते नको, घरी राहून दोन वर्षं डी अँझा या कम्युनिटी कॉलेजला जाते आणि मग तिसऱ्या वर्षाला यूसीच्याच बर्कली कॅम्पसला ट्रान्सफर घेते. नवरा म्हणतो, मिळालेलं सोडू नये. घरात रोज वाद. कृपया लवकर सांगा, काय बरोबर?

पाणकावळा
विषय कोणता? व्हिसा कोणता? याशिवाय काय सांगणार?

बेएरियावासी
डोळे झाकून डी अँझा. माझा मुलगा तिथूनच डेव्हिसला गेला. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (क्रेडिटला) ३१ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ९० युनिटचे २,८०० सुद्धा होत नाहीत. यूसीची नुसती ट्यूशनच वर्षाला १४-१५ हजार. शिवाय 'टॅग' आहे, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून यूसीत ट्रान्सफर घेताना प्रवेशाची हमी!

पाणकावळा
अर्धवट माहिती देऊ नका. टॅग सहाच कॅम्पसला आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सिड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच ठिकाणी. बर्कलीची हमी कोणीच देत नाही.

बेएरियावासी
हमी नसली तरी दरवर्षी मुलं जातातच की.

अंगणवेल
ताई, पैशापलीकडेही बघा. मी स्वतः ट्रान्सफर होऊन गेले. तिसऱ्या वर्षी पोचले तेव्हा सगळ्यांचे गट जमलेले, प्रोफेसरांच्या लॅबमध्ये जागा भरलेल्या. पहिला क्वार्टर मी एकटीच जेवत होते. पण डी अँझात शिकवणारे शिकवण्यासाठीच असतात, वर्ग लहान. कॅल्क्युलस मला तिथेच कळलं.

कोकमसरबत
नर्सिंगचा विचार केलाय का? कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट डिग्री घेऊनही आरएनच्या (नोंदणीकृत नर्सच्या) परीक्षेला बसता येतं. माझ्या भाचीने तेच केलं.

रानजाई
नर्सिंग नको हो. लिहायचं राहिलं, व्हिसा एच-४ आहे, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून. ऑक्टोबरात १९ पूर्ण होतील.

पाणकावळा
हे आधी सांगायला हवं होतं! म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच २१ होणार आणि तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एच-४ जाणार. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागला की रहिवासी फीचं काय? ट्रान्सफर ऐन त्याच वेळी येते. थेट यूसीत असेल तर आधीचा रहिवासी दर्जा टिकतो का, ट्रान्सफरला नव्याने तपासतात का, हे रजिस्ट्रारला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. वकिलालाही तारखा दाखवा.

बेएरियावासी
हे खरंय, माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमचं ग्रीन कार्ड होतं.

रानजाई
पोटात गोळा आला वाचून. आम्ही नुसतं चांगलं कॉलेज की वाईट एवढंच भांडत होतो. आजच ईमेल करते. विषय कॉम्प्युटर सायन्स.

अंगणवेल
मग मुलीला शेजारी बसवून असिस्टच्या (ट्रान्सफरला कुठल्या कॉलेजचे कोणते कोर्स चालतात ते दाखवणाऱ्या) साइटवर डी अँझा आणि बर्कली निवडा. कुठले कोर्स लागतात ते तिलाच वाचू द्या. आणि टॅगसाठी सांता बार्बरा मनात असेल तर सोडा. तिथे हा विषय इंजिनिअरिंग कॉलेजात येतो, त्याला टॅग नाही.