सेंट्रल ॲप्निया आणि विमा: ‘आधी सीपॅपवर नापास होऊन या’

जागरण: हिशोबींनी काल लिहिलं, ‘साधं सीपॅप वापरायचं नाही, थेट महागडं यंत्र मागायचं आणि वर विम्याच्या नावानं खडे फोडायचे.’ रात्रभर डोक्यात तेच. अहो, सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवतं; ह्यांचा घसा उघडाच आहे! श्वासाचा हुकूमच सुटत नाही मेंदूकडून, म्हणून तर सेंट्रल ॲप्निया. ना घोरणं, ना धडपड. श्वास मोठा होत जातो, मग बारीक होत होत थांबतो. मी अंधारात आकडे मोजते. परवा बावीसला हलवणार, तेवढ्यात हुस्स करून आला. निम्म्याहून जास्त सेंट्रल, असं अहवालात स्वच्छ लिहिलंय. तरी कंपनीचं पत्र: आधी तीन महिने सीपॅप, श्वास थांबला की स्वतःहून देणारं, बॅकअप रेटचं बायपॅप यंत्र नंतर बघू. उघड्या दाराला किल्ली कशाला?

हिशोबी: ताई, तुमच्या बावीसवर माझं काही म्हणणं नाही. पण सेंट्रलवर सीपॅप चालतच नाही, हे कुणी सांगितलं? २००५ च्या कॅनपॅप चाचणीत सीपॅपवर हार्ट फेल्युअरवाल्यांचे थांबणारे श्वास सरासरी निम्म्यावर आले होते. सीपॅप लावल्यावर उगवणारं सेंट्रल तर बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप जातं. सगळ्यांना पहिल्याच दिवशी श्वासागणिक दाब बदलणारं एएसव्ही यंत्र वाटायचं का? हप्ते आपणच भरतो.

जागरण: त्याच कॅनपॅपमध्ये मृत्यू कमी झाले का, तेही लिहा की. आणि ह्यांचं उगवलेलं नाही, स्ट्रोकनंतरचं आहे.

हिशोबी: नाही झाले. निम्म्यावर आले म्हणजे निम्मे उरले, तेवढं मान्य. खूश?

निशाचर: स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करतो, डोक्याला वायरी चिकटवणारा तो मीच. हृदयाच्या इकोचा विषय कुणी काढतच नाहीये इथे. २०१५ ची सर्व्ह-एचएफ चाचणी आठवा: ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ४५ टक्के किंवा कमी असलेल्या हार्ट फेल्युअरवाल्यांत एएसव्हीवर हृदयविकारानं मरण्याचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त निघाला. २०२४ च्या ॲडव्हेंट-एचएफमध्ये तो दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचंही दिसलं नाही. त्यामुळे अडवणूक दर वेळी कंजूषपणाच असते असं नाही.

जागरण: ईएफ ६० आहे. पहिल्याच अर्जाला इको जोडला होता. कुणी उघडून बघितला असेल तर शपथ.

मोडेमग्रस्त: यंत्र मिळालं म्हणजे सुटलात असं समजू नका. सलग ३० दिवसांत ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर, ही अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्याची अट माझ्या कंपनीनंही उचललीय. म्हणजे एकवीस रात्री. माझ्या वीस भरल्या. राहिलेल्या रात्री आईला आयसीयूत ठेवलेलं, मी बाहेर बाकावर. यंत्रातल्या मोडेमनं वर कंपनीला कळवलं: शून्य तास. आठवड्यात माणूस यंत्र न्यायला दारात.

हिशोबी: अट नसेल तर यंत्रं माळ्यावर जातात. माझ्या मेव्हण्याचं दोन वर्षं तिथंच आहे.

मोडेमग्रस्त: मेव्हणा तुमचा, शिक्षा मला?

उशीखाली: मी पहिल्या महिन्यात मास्क उशीला बांधून यंत्र चालू ठेवायचो. लीकच्या आलेखानं पकडलं.

हिशोबी: घ्या! ह्यासाठीच अटी लागतात.

उशीखाली: चोर म्हणताय का मला? नाकाच्या हाडावर जखम झाली होती, मास्क बदलून द्यायला पाच आठवडे लावले त्यांनी. तुम्ही झोपून दाखवा त्यावर. आणि चारच तास कुठल्या शास्त्रात? रेम, म्हणजे स्वप्नांची झोप, तर पहाटे येते.

निशाचर: पहाटेची रेम घशावाल्यांना, म्हणजे ज्यांचा घसा मिटतो त्यांना, जास्त छळते. सेंट्रल मुख्यतः नॉन-रेममध्ये. म्हणजे तासांचं मीटर घशावाल्यांचं आणि बिल दोघांना, हे मात्र खरं.

जागरण: धागा माझा आहे, आठवण करून देते. उशीचं नंतर.

निशाचर: ताई, पत्रावर जाऊ नका, पॉलिसी वाचा. ‘तीन महिने’ छापलंय का? लॅबमधल्या टायट्रेशनच्या, म्हणजे योग्य दाब शोधायच्या रात्री सीपॅपचा दाब वाढवूनही सेंट्रल तसंच राहिलं असेल, तर तो अहवाल अपिलाला जोडा. प्रयत्न झाल्याचा तोच पुरावा.

जागरण: आत्ता काढली. ‘सीपॅपचा पुरेसा प्रयत्न’ एवढंच आहे. महिने कुठेच नाहीत!

हिशोबी: मग ते पत्र लिहिणाऱ्याला वाचता येत नाही. अपिलाचा मसुदा मला पाठवा, क्लेममध्ये अकरा वर्षं काढलीत. मत बदललेलं नाही, आधीच सांगतो.

मोडेमग्रस्त: आणि माझी एकविसावी रात्र?