‘विवाहोत्तर करार’ म्हणजे नेमका केव्हाचा करार?

विष्णुघाट (सांगली)
मी दस्तऐवजांची मराठी भाषांतरे करते. सध्या हाती असलेल्या कामात मुलगी तासगाव तालुक्यातली आणि मुलगा गोव्याचा आहे. मुलाकडच्या वकिलांच्या इंग्रजी टिपणात पती-पत्नींमधील करारांचे तीन प्रकार आहेत: लग्नाआधीचा, संसार चालू असतानाचा आणि वेगळे होतानाचा. पहिल्याला मी ‘विवाहपूर्व करार’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘विवाहोत्तर करार’. खर्डा वाचून मुलीच्या वडिलांनी विचारले, “लग्न मोडल्यावर आणखी करार कसला?” त्यांचे वाचन चूक म्हणता येत नाही, कारण ‘विवाह’ हा शब्द आपण मांडवातल्या विधीलाही लावतो आणि पुढच्या नात्यालाही. तिन्ही अवस्था वेगळ्या कळतील असे शब्द कोणी सुचवील का?

पोवईनाका (सातारा)
पहिल्यासाठी नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘याद’ आहे. बैठकीत मानपान, आहेर, भांडीकुंडी, जेवणाचा खर्च कोणी उचलायचा, हे सारे कागदावर उतरते आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी त्यावर सह्या करतात. लग्नाआधीचा लेखी करार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? ‘यादी पे शादी’ हा प्रयोग तर सातारा-सांगलीत लहान मुलांनाही ठाऊक आहे.

आयर्विन (सांगली)
फार वेगळा असतो. याद दोन घरांमध्ये होते, तीत वधूवरांची सही सहसा नसते आणि तीतल्या बऱ्याच कलमांना १९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा सरळ गुन्हा ठरवतो. गंमत अशी की, त्याच कायद्याखालच्या १९८५च्या नियमांनी लग्नातील भेटींची यादी करायला सांगितले आहे: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधू व वर या दोघांच्या सह्या. तशी यादी केलेली मी आमच्या पंचक्रोशीत पाहिलेली नाही. याद मात्र प्रत्येक घरी सापडेल. तेव्हा गोव्याच्या दस्ताला ‘याद’ म्हणाल, तर मुलीचे वडील पुढच्या बैठकीची तयारी करू लागतील.

गीर्वाण (मिरज)
मूळ प्रश्न ‘विवाह’चा नसून ‘करार’चा आहे. हा शब्द अरबी आहे. आपल्याजवळ ‘संविदा’ असताना तो का वापरायचा? ‘विवाहपूर्व संविदा’, ‘सहजीवन संविदा’ आणि ‘विच्छेद संविदा’ असे तीन शब्द घ्यावेत. संदिग्धता उरणार नाही.

पोवईनाका (सातारा)
संदिग्धता उरणार नाही, कारण अर्थच उरणार नाही. आपल्या बाजारपेठांत हळदीच्या सौद्यापासून उसाच्या तोडणीपर्यंत सगळे करारानेच चालते. ‘संविदा’ वाचून तासगावचा द्राक्षबागायतदार ते कोणा मुलीचे नाव समजेल. शिवाय ‘दस्त’ही परका आणि ‘वकील’ही परका, मग तेही बदलणार का?

नोटरीबाग (सांगली)
वकिलीच्या अनुभवावरून थोडे लिहितो, कारण शब्द ठरवण्याआधी कागदाचे बळ ठरवावे लागेल. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही कौटुंबिक बाबींत लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. तो करार लग्नाआधीच रीतसर दस्त करून व्हावा लागतो आणि लग्नानंतर बदलता येत नाही. म्हणजे तेथे ‘पूर्व’ या अक्षरांतच सारे वजन आहे. आपल्याकडे नेमके उलट घडते. हिंदू विवाहात आधी केलेला करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरून १८७२च्या करार कायद्याच्या कलम २३मध्ये अडकू शकतो. शेवटचा कागद मात्र, म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटात दाखल होणाऱ्या तडजोडीच्या अटी, न्यायालयात रोज चालतो. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या कागदाला एकाच साच्यातील नावे देणे मला धोक्याचे वाटते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतील.

विष्णुघाट (सांगली)
हे उपयोगी आहे. सध्या मी ‘लग्नाआधीचा करार’, ‘संसारकाळातील करार’ आणि ‘फारकतीचा करार’ असे योजले आहे. मधला शब्द कानाला कसा वाटतो?

गीर्वाण (मिरज)
मधल्याचे नंतर पाहू. ‘फारकत’ हा ‘फरक’पासून आलेला शब्द आहे, दोघांत फरक पडला की फारकत.

आयर्विन (सांगली)
नाही. तो ‘फारिगखत’ आहे. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद. देणेकऱ्याला मोकळे केल्याचा, हक्क सोडल्याचा तो लेख. पक्ष सोडणाऱ्या पुढाऱ्याने ‘फारकत घेतली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला कागद गळून पडलेला असतो. उलट ‘काडीमोड’मध्ये कागद कधीच नव्हता, पंचांसमोर काडी मोडली की झाले. ‘घटस्फोट’ तर मुळात पतिताला जातीबाहेर काढताना घडा फोडण्याचा विधी. त्याचा नवराबायकोशी संबंध नव्हता.

पोवईनाका (सातारा)
माझ्या आजोळी ‘सोडचिठ्ठी’ म्हणत, आणि ती लेखीच असे. जातीच्या रूढीने होणारी मोडणी १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम २९मध्ये राखून ठेवली आहे. ‘फारकत’पेक्षा हा शब्द स्वच्छ आहे.

नोटरीबाग (सांगली)
स्वच्छ आहे, पण एकतर्फी आहे. सोडचिठ्ठी एक देतो आणि दुसरा घेतो. तडजोडीत दोघांच्या सह्या लागतात. आणखी एक सूचना: तिसऱ्या भागात ‘पत्नीने पोटगीचा हक्क सोडला’ असे वाक्य असेल, तर ते ठळक भाषांतरित करा, निर्वाहाचा कायदेशीर हक्क अशा लिहून देण्याने संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे.

गीर्वाण (मिरज)
तेथे ‘पोटगी’ नको, ‘निर्वाहवेतन’ लिहा.

पोवईनाका (सातारा)
वेतन नोकराला देतात. ‘खावटी’ लिहावे, कचेरीत आम्ही तोच शब्द ऐकत आलो आहोत.

आयर्विन (सांगली)
तासगावकडे ‘खावटी’ म्हटले की सोसायटीचे कर्ज. मुलीचे वडील व्याजाचा दर विचारतील.